पहाटे चढणारा काटा

तारामतीची पिकअप हायवेवरून गॅरेजकडं वळताना दिसली, तेव्हा बसलिंगप्पा मिस्तरीच्या मनात आलं ते एवढंच, की आज ही नको होती. गुडघे सकाळपासून ठणकत होते. दिवाळी सरून थंडी पडायला लागली की गाडीखाली शिरणं त्याला जड जाई, आणि शिरल्यावर बाहेर निघणं त्याहून जड. नायगावात चाळीस वर्षं हेच काम करून त्याची पाठ सुताराच्या जुन्या रंध्यासारखी झिजली होती.

गाडी थांबली. तारामती खाली उतरली आणि दार लावून तिथंच टेकून उभी राहिली.

“काय झालं माय?” त्यानं विचारलं, पण उत्तर त्याला ठाऊक होतं.

“तेच,” ती म्हणाली.

वर्षभरात ही तिसरी खेप. तारामतीचा नवरा भागवत चार वर्षांपूर्वी वारला. त्याचा धंदा दुधाचा. पाच गावांत हिंडून कॅन गोळा करायचे आणि नायगावच्या शीतकेंद्रावर नेऊन टाकायचे. तो गेल्यावर दोन ड्रायव्हर ठेवून पाहिले. एकानं उशीर करून दूध नासवलं, दुसरा आठवड्यातून तीनच दिवस उगवायचा. मग तारामतीनंच पडीक रानात गाडी फिरवून फिरवून हात बसवला आणि लायसन काढलं. तेव्हापासून रोज पहाटे साडेचारला ती निघते. गाडी मात्र दिराच्या, आदिनाथच्या नावावर होती.

होळीच्या सुमाराला ती पहिल्यांदा आली होती. “मामा, टेंपरेचरचा काटा लाल रेषेला जाऊन टेकतो,” म्हणाली. बसलिंगप्पानं रेडिएटर साफ केला, फॅनचा बेल्ट बदलला आणि थर्मोस्टॅट काढून टाकला. थर्मोस्टॅट म्हणजे लिंबाएवढी एक झडप. इंजिन गार असताना ती मिटलेली असते, पाणी रेडिएटरकडं जाऊ देत नाही. इंजिन तापलं की आपोआप उघडते. नांदेडला ज्या उस्तादाच्या हाताखाली तो शिकला, तो म्हणायचा, “निकाल के फेक रे. अपने गर्मी के मुलुक में इसका क्या काम?” तेव्हापासून गाडी तापते म्हणून कुणी आलं, की बसलिंगप्पा आधी ती झडप काढी. असे किती थर्मोस्टॅट त्यानं भंगारात टाकले असतील, त्याचा हिशेब नव्हता.

पोळ्याच्या आधी ती पुन्हा आली. काटा तसाच चढत होता. या वेळी त्यानं ऑइलचं झाकण उघडलं तर आतून पांढरट लोण्यासारखा थर बसलेला. “पाणी ऑइलात उतरून राहिलं,” तो म्हणाला. “हेड गॅस्केट गेलं.” त्यानं हेड, म्हणजे इंजिनाचं वरचं डोकं, उतरवलं, त्याखालचं गॅस्केट बदललं, सगळं पुन्हा बसवलं. सहा दिवस गाडी उभी होती. त्या सहा दिवसांत पिंपळगावच्या लोकांनी आपलं दूध दुसऱ्या गाडीला लावलं, आणि ते पुन्हा फिरलं नाही. पाचाची चार गावं राहिली.

आता त्यानं चावी फिरवून इंजिन तासभर चालू ठेवलं. काटा पार तळाशी बसून राहिला. पाणी कमी नाही, पाइप फुटका नाही, फॅन नीट फिरतोय.

“इथं तर काहीच न्हाई,” तो म्हणाला.

“इथं कधीच न्हाई. तुमच्या दारात आली की शहाणी होती.” तारामती हसली नाही. “पहाटेच चढतो मामा. उजाडलं की उतरतो. मी मागंबी सांगितलं होतं तुम्हाला.”

सांगितलं होतं. त्यानं ते ऐकलं होतं आणि सोडून दिलं होतं. पहाटेच्या गारव्यात इंजिन तापतं आणि उन्हात थंड होतं, असं बाईमाणूसच म्हणू शकतं, असं त्याला तेव्हा वाटलं होतं.

“तुम्ही एक दिवस पहाटे या,” ती म्हणाली. “डोळ्यानं बघा.”

“पहाटे? माझ्याच्यानं होतंय का आता ते.”

“मला तर रोज होतंय.” ती सरळच बोलली होती, पण त्याला ते लागलं. मग ती म्हणाली, “एक तारखेपासून भाऊजी नरसीच्या ड्रायव्हरला गाडी देणार हायत. बाईनं इंजिन जाळलं म्हणतेत. गावातबी तेच चाललंय.”

बसलिंगप्पानं कापडानं हात पुसले. पुसून झाल्यावर पुन्हा पुसले.

“उद्या येतो,” तो म्हणाला.

घरी गौरम्मानं ऐकलं तेव्हा तिनं कपाळाला हात लावला. ती बीदरकडची. वैताग आला की माहेरचा सूर तोंडात येई. “अय्यो, रात्रभर कण्हता आणि पहाटे दूध गोळा करायला जाता?” पण चारला उठून तिनंच पाणी तापवलं, त्याच्या गुडघ्यांना तेल चोळून दिलं आणि कानाला मफलर गुंडाळला.

तारामती साडेचारच्या आधीच फाट्यावर आली. तो शेजारी चढून बसला. हेडलाइटच्या उजेडात धुकं रस्त्यावर कापूस पिंजल्यासारखं पडलं होतं. काटा तळाशी होता.

पहिल्या गावात देवळापुढं सात कॅन उभे होते. तारामतीनं एकेक उचलून हौद्यात चढवला. आधी गुडघ्यावर, मग छातीशी, मग फळीवर. बसलिंगप्पा खाली उतरू लागला तशी ती म्हणाली, “बसा मामा. तुमचे गुडघे.” तो बसला. चाळीस लिटरचा कॅन आणि ती बाई अंगानं काटकुळी. प्रत्येक कॅन वर गेला की ती क्षणभर डोळे मिटून थांबायची आणि मग दुसऱ्याला हात घालायची. ही गाडी त्यानं तीनदा तपासली होती, पण ती रोज काय वाहते ते आज पहिल्यांदा पाहत होता.

दुसरं गाव होईस्तोवर काटा निम्म्यावर आला होता. तिसऱ्या गावाच्या वाटेवर तो निम्म्याच्या पुढं सरकला. तारामती रस्त्याकडं एकदा आणि काट्याकडं एकदा असं बघत होती. तिच्या मानेची ती हालचाल इतकी सवयीची होती, की वर्षभर ही अशीच गाडी हाकत आली असणार हे त्याला न सांगता कळलं. कॅनॉलच्या पुलावर काटा लाल रेषेला भिडला. तिनं गाडी कडेला घेतली, लाइट घालवले, इंजिन बंद केलं.

“रोज इथंच थांबते. धा मिनिटं. मग चालू केली की थोडा वेळ बरी चालती.”

“बॉनेट खोल,” तो म्हणाला.

बॅटरीच्या उजेडात त्यानं आधी वास घेतला. तापलेल्या इंजिनाला एक वास असतो, जळक्या गुळासारखा. तो नव्हता. वाफ नव्हती. रेडिएटरला जाणाऱ्या वरच्या जाड पाइपाजवळ त्यानं हात नेला, भीतभीतच, आणि मग त्यावर तळवा ठेवला. काटा लाल रेषेला असेल तर त्या पाइपावर हात टिकतच नाही. त्याचा हात टिकला. नुसता टिकला नाही, थंडीत त्याला ती ऊब बरी वाटली. अंघोळीला कमी पडावं एवढंच आतलं पाणी कोमट होतं.

त्यानं दुसराही तळवा पाइपावर ठेवला.

“काय झालं मामा?”

“आत बस. चालू कर. लाइट लाव.”

तिनं लावले. तो दारातून आत वाकला. मिनिटभरात काटा हळूहळू वर चढला.

“आता इंजिन राहू दे, नुसते लाइट घालव.”

काटा रेंगाळत रेंगाळत उतरू लागला. लावले की चढे, घालवले की उतरे. त्यानं चार वेळा करून पाहिलं. चौथ्यांदा करायची काही गरज नव्हती.

तो पाय बाहेर सोडून सीटपुढं आडवा झाला आणि डॅशबोर्डच्या मागं हात घातला. तिथं बॉडीला बोल्टानं आवळलेली एक काळी वायर असते, अर्थिंगची. मीटरचीही तीच, लाइटचीही तीच. बोल्ट गंजून सालपटं धरली होती, आणि वायर बोटांनी हलत होती. लाइटचा करंट परतायला नीट वाट न मिळाल्यानं सगळा भार मीटरवर येत होता आणि काटा खोटंच बोलत होता. पार गार इंजिनात ते दिसत नव्हतं, जरा ऊब आली की मात्र लाइटसरशी काटा चढे. त्यानं खिशातल्या वायरचा एक तुकडा कसाबसा तिथून दाराच्या स्क्रूला जोडला. काटा उतरत उतरत पार तळाशी जाऊन बसला. लाइट चालू असूनही.

तळाशी. दहा-बारा किलोमीटर चाललेल्या इंजिनाचा काटा तळाशी असतो का? नसतो. तो निम्म्याच्या जरा खाली असायला हवा. पण पाण्याला अडवून इंजिन गरम होऊ देणारी झडप होती कुठं? ती होळीला त्यानंच काढून टाकली होती. इंजिन वर्षभर तापलं नव्हतंच. त्यानं झडप काढल्यापासून ते गारठलेलं होतं. गार इंजिनात वाफ बसते, तिचं ऑइलमध्ये लोणी होतं. तेच लोणी बघून त्यानं हेड उतरवलं होतं.

“सापडलं का?” तारामतीनं विचारलं.

“हाव. वायर सुटलीय. चल तू, दूध पोचव आधी.”

अजून दोन गावं राहिली होती. कॅन चढत होते, उजाडत होतं, बायका शेणाच्या पाट्या घेऊन निघाल्या होत्या. त्याच्या डोक्यात एकच घोळत होतं. वायर घट्ट करायची. थर्मोस्टॅट नवा आणून गुपचूप बसवायचा. गाडी नीट चालेल, बाई खूश होईल, आणि कुणाला काही कळणार नाही. चाळीस वर्षांच्या कामाला बट्टा लावून मिळणार काय? हा विचार इतका सोपा होता की त्यानं तो तीन-चारदा करून पाहिला, आणि प्रत्येक वेळी समोर ती बाई कॅन छातीशी धरून डोळे मिटलेली दिसायची.

शीतकेंद्रावर दूध रिकामं झालं. तारामतीनं टपरीवरून दोन चहा आणले. ती कॅनवर बसली, तो पायरीवर.

“तारामती,” तो म्हणाला. “इंजिन कधीच तापलं न्हवतं.”

तिनं कप तोंडाजवळून खाली घेतला.

“काटा खोटा होता. वायरीपायी. अन् मी झडप काढली, तवापासून तर ते उलटं गार पडून राहिलं. डिझेल जास्त खातंय का?”

“लई. मला वाटलं मीच नीट चालवत न्हाई.”

“झडपेपायी ते. अन् हेड,” त्यानं कप पायरीवर ठेवला, “हेड उघडायची गरज न्हवती.”

केंद्रातला माणूस रिकामे कॅन धुऊन पालथे घालत होता, त्याचा खणखणाट होत होता.

“म्हणजे ते सहा दिवस उगीच गेले,” ती म्हणाली.

“हाव.”

“पिंपळगाव त्याच्यापायी गेलं.”

“हाव.”

ती ओरडेल, असं त्याला वाटलं. ओरडली असती तर त्याला बरं वाटलं असतं. तिनं गार झालेला चहा एका घोटात संपवला आणि पदरानं तोंड पुसलं.

“हे भाऊजींला सांगाल?”

“फोन लावून देतो.”

“फोनवर नका. चला.”

आदिनाथ अंगणात हरभऱ्याच्या बियाण्याला औषध चोळत बसला होता. दोन्ही हात कोपरापर्यंत गुलाबी झाले होते. वहिनीच्या मागून मिस्तरी उतरताना बघून त्यानं हात थांबवले नाहीत.

“आता काय सांगायला आलात मिस्तरी? नवं इंजिन?”

बसलिंगप्पा उभाच राहिला. “इंजिन चांगलं हाय. चूक माझी झाली. वहिनीनं काही जाळलं न्हाई. वायर सैल होती, ती मी बघितली न्हाई, अन् नको ते खोलून बसलो.”

आदिनाथनं मान वर केली. “चाळीस वर्षांचा मिस्तरी तुम्ही, अन् वायर कळली न्हाई?”

“न्हाई कळली.”

“वहिनीनं आणलंय का तुम्हाला असं बोलायला?”

बसलिंगप्पाला तारामतीकडं बघवेना. तो गाडीपाशी गेला, पहाटे जोडलेला वायरचा तुकडा त्यानं ओढून काढला, आणि आदिनाथला म्हणाला, “या. आत बसा. इंजिन चालू करा.”

आदिनाथ कुरकुरत उठला. गुलाबी हात लागू नयेत म्हणून त्यानं चावी दोन बोटांत धरली. काटा तळाशी होता.

“आता लाइट लावा.”

भर उन्हात लाइट लागले. काटा हलला, चढायला लागला, निम्म्यावर गेला, पुढं गेला. आदिनाथ बघत राहिला. मिस्तरीनं बॉनेट उघडून त्याला पाइप धरायला लावला. त्यानं धरला. सोडला. पुन्हा धरला.

तेवढ्यात बसलिंगप्पाच्या ध्यानात आलं. हे करायला पहाट लागतच नव्हती. होळीला, पोळ्याला, काल, कुठल्याही दुपारी त्यानं गॅरेजात एकदा लाइटचं बटण ओढलं असतं, तर झालं होतं. बाई सांगत होती पहाट, पहाट. त्यानं गारवा ऐकला, दिवा ऐकला नाही.

आदिनाथ पाइपावर उमटलेली गुलाबी बोटं पुसत म्हणाला, “मी गावभर सांगितलं, वहिनीनं इंजिन जाळलं म्हणून. आता कुणाकुणाला सांगत फिरू?”

“कुणालाच नका सांगू,” तारामती म्हणाली. “मला पहाटे गाडी पायजे. बस.”

आदिनाथनं मान खाली घातली आणि तो परत बियाण्यापाशी जाऊन बसला. पण काही वेळानं, जणू दुसऱ्याच कुणाला सांगतोय असं, म्हणाला, “नरसीवाल्याला कळवतो मी, येऊ नको म्हणून.”

दुपारी बसलिंगप्पा एसटीनं नांदेडला जाऊन नवा थर्मोस्टॅट घेऊन आला. आता दुकानाच्या खोक्यावरही त्याचा भरवसा राहिला नव्हता. घरी त्यानं गौरम्माकडून दुधाचं जुनं पातेलं मागून घेतलं, पाणी भरून शेगडीवर ठेवलं आणि झडप दोऱ्याला बांधून पाण्यात सोडली. गौरम्मा शेजारी उकिडवी बसली. पाणी कोमट झालं, झडप मिटलेलीच. बुडबुडे धरू लागले, मिटलेलीच. पाणी उकळायच्या बेतात आलं तेव्हा ती हळूच, कुणी आतून ढकलावी तशी, उघडली. वर काढल्यावर निवून पुन्हा मिटली.

“एवढ्याशा जिनसेला एवढं कळतं?” गौरम्मा म्हणाली.

“मला न्हवतं कळत,” तो म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तारामती दूध टाकून गाडी घेऊन आली. त्यानं गंजलेला बोल्ट काढून नवा आवळला, जागा घासून लखलखीत केली, झडप बसवली. हे सगळं करताना तो दोनदा गाडीखाली गेला आणि दोन्ही वेळा बाहेर निघायला त्याला बंपर धरावा लागला. मग तो शेजारी बसला आणि ती त्याला हायवेवरून नरसीपर्यंत घेऊन गेली. भर दुपारी लाइट चालू ठेवून. समोरून येणारे लोक हातानं खुणा करत होते, लाइट चालू आहेत म्हणून. काटा निम्म्याच्या जरा खाली येऊन थांबला आणि तिथंच राहिला.

परतताना पिंपळगावच्या फाट्यावर कॅननं भरलेली दुसरी एक गाडी उभी होती. तारामतीनं तिच्याकडं पाहिलं आणि गिअर बदलला.

“त्यांना जाऊन सांगू का मी?” बसलिंगप्पानं विचारलं. “चूक कुणाची होती ते?”

“सांगून काय मामा. त्या गाडीवाल्यालाबी लेकरं असतील.”

गॅरेजपाशी त्याला उतरवून ती निघाली. थांबली नाही, काही म्हणालीही नाही. घरी संध्याकाळची धार काढायची वेळ होत आली होती.

तो शटर अर्धं ओढून घरी गेला. गौरम्मानं ताट वाढलं. त्याला भूक नव्हती. हात धुऊन तो तिथंच भिंतीला पाठ लावून बसला.

“काय म्हणली ती?” गौरम्मानं विचारलं.

“काही न्हाई म्हणली.”

“भांडली न्हाई? मग बरं झालं की.”

“बरं न्हाई ते,” तो म्हणाला, आणि पाय लांब करून पडला. गौरम्मानं ताट झाकून ठेवलं, तेलाची वाटी आणली आणि त्याच्या गुडघ्याला हात लावला. तेल लागायच्या आत त्याला झोप लागली होती.